नवा लॅपटॉप मध्येच का बंद पडतो?

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवारची सकाळ. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकाच वेळी गेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्या होत्या. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. करोनाचा काळ असल्याने ऐरोली, महापे, बेलापूरची बरीचशी कार्यालये तेव्हा घराघरांतून चालत होती. पंखे बंद, वाय-फाय बंद, आणि चालू राहिले ते फक्त लॅपटॉप, बॅटरी संपेपर्यंत.

अशा वेळीच एक गोष्ट लक्षात येते. आपण लॅपटॉप घेतो तो कुठेही नेता यावा म्हणून, पण घरी तो कायम अडॅप्टर लावूनच वापरतो. त्यामुळे बॅटरी चांगली आहे की नाही, हे वीज जाईपर्यंत कळतच नाही. अडॅप्टर बॅटरीचे दोष झाकून ठेवतो. नव्या लॅपटॉपच्या बाबतीत तर हे जास्त महाग पडते. बदलून देण्याची मुदत बहुतेकदा मोजक्या दिवसांची असते आणि दोष लक्षात येतो तो तीन-चार महिन्यांनी.

तेव्हा नवा लॅपटॉप चाळीस टक्क्यांवर अचानक बंद पडला, रात्री ठेवलेला सकाळी रिकामा सापडला किंवा चार्जच होईना, तर काय समजायचे? बॅटरी खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये आणि ‘नवा आहे, होईल हळूहळू ठीक’ असे म्हणून गप्पही बसू नये. डॉक्टर जसे औषध देण्याआधी ‘कधी दुखते, काय केल्यावर दुखते’ हे विचारतात, तसेच इथेही करावे लागते.

बॅटरीच्या आत काय असते?

लॅपटॉपमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या एका बाजूला ग्राफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचा. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. मधल्या द्रवातून त्यांची ये-जा होते. हा द्रव ज्वालाग्राही असतो, हे पुढच्या भागासाठी लक्षात ठेवावे.

अशा एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास तो रिकामा मानला जातो. लॅपटॉपला याहून जास्त दाब लागतो, म्हणून तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडतात. ही जोडणी म्हणजे चौघांच्या खांद्यावरची पालखी. तिघे धडधाकट असले तरी चौथ्याचा पाय अडखळला की पालखी थांबते. एका सेलचा दाब मर्यादेखाली गेला की बॅटरीतले संरक्षक सर्किट सगळा पुरवठा तोडते. बाकीच्या सेलमध्ये भरपूर वीज शिल्लक असली तरी.

मग पडद्यावर दिसणाऱ्या टक्क्यांचे काय? गाडीच्या टाकीत पेट्रोल मोजायला तरंगता खुंट असतो, तशी सोय बॅटरीत नसते. आतली एक चिप किती वीज आली आणि किती गेली याचा जमाखर्च मांडते, त्याला व्होल्टेजची जोड देते आणि अंदाज बांधते. म्हणजे ‘४२ टक्के’ हे मोजमाप कमी आणि हिशेब जास्त आहे. नव्या बॅटरीत हा हिशेब अजून जुळलेला नसू शकतो. त्यामुळे चाळीस टक्क्यांवरून थेट शून्यावर घसरण्याची दोन कारणे संभवतात. एकतर हिशेब चुकलेला आहे किंवा एखादा सेल खरोखर कमजोर आहे. पहिले घरच्या घरी दुरुस्त होते, दुसरे होत नाही.

आधी चार प्रश्न

लॅपटॉप बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या दिशेने बोट दाखवते.

पहिला प्रश्न: अडॅप्टर काढताक्षणी बंद पडतो का? तसे असेल तर बॅटरी वीज देतच नाही. आतली जोडणी सैल असेल किंवा बॅटरी अजून ‘झोपलेली’ असेल. कारखान्यातून निघताना अनेक लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तोडून ठेवलेली असते, म्हणजे गोदामात ती उतरू नये. पहिल्यांदा अडॅप्टर लावल्यावरच ती जागी होते. म्हणून खोक्यातून काढलेला लॅपटॉप नुसते बटण दाबून सुरू झाला नाही तर घाबरू नये. अडॅप्टर लावून काही मिनिटे थांबावे.

दुसरा प्रश्न: बॅटरीवर असताना जड काम सुरू केले की बंद पडतो का? व्हिडिओ संपादन, गेम, मोठी फाइल. उंच इमारतीत सकाळी सगळ्यांनी एकदम नळ उघडले की वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक होते. टाकी रिकामी नसते, पण पाइपातला दाब पडतो. बॅटरीचेही तसेच. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. एकदम जास्त वीज ओढली की दाब घसरतो. सेल चांगला असेल तर थोडासा, कमजोर असेल तर मर्यादेखाली. नव्या लॅपटॉपमध्ये असे वारंवार होत असेल तर बॅटरीवरच संशय घ्यावा.

तिसरा प्रश्न: अडॅप्टर लावलेला असतानाही बंद पडतो का? मग बॅटरीला दोष देण्याआधी उष्णता, अडॅप्टर, भिंतीतला सॉकेट आणि सॉफ्टवेअर तपासावे. निळा पडदा येऊन लॅपटॉप पुन्हा सुरू होत असेल तर बॅटरीपेक्षा ड्रायव्हर किंवा मेमरीचा दोष असण्याची शक्यता जास्त.

चौथा प्रश्न: खरोखर बंद पडतो की झोपतो? काही मिनिटे हात लावला नाही की पडदा काळा होतो, बटण दाबले की काम होते तिथूनच पुढे सुरू होते. हा बिघाड नव्हे. वीज वाचवण्याची ती सेटिंग आहे आणि ती बदलता येते.

या चार प्रश्नांची उत्तरे तारीख, वेळ आणि टक्क्यांसह कागदावर लिहून ठेवावीत. आठवड्याभराची अशी नोंद सर्व्हिस सेंटरमध्ये फार कामी येते.

सॉकेट, केबल आणि वॅट

बऱ्याचदा दोष लॅपटॉपच्या बाहेर असतो. भिंतीवरचा सॉकेट सैल, त्यात घुसवलेला मल्टिप्लग त्याहून सैल, आणि पंख्याच्या वाऱ्याने केबल हलली की चार्जिंगचा दिवा मिचमिचतो. आधी मल्टिप्लग काढून अडॅप्टर थेट भिंतीत लावावा, मग दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, जमल्यास दुसऱ्या घरी लावून पाहावा. जागा बदलल्यावर तक्रार गेली तर वायरमनला बोलवायचे, सर्व्हिस सेंटरला नव्हे.

आता बरेच लॅपटॉप टाइप-सी केबलवर चार्ज होतात, त्यामुळे नवीच गफलत होऊ लागली आहे. फोनचा आणि लॅपटॉपचा चार्जर दिसायला सारखा, पिनही तीच. पण लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील आणि फोनचा चार्जर १८ किंवा ३३ वॅटचा असेल, तर अडॅप्टर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते. येणे कमी, जाणे जास्त. शिवाय फोनवर झटपट चार्जिंग करणारे काही चार्जर लॅपटॉपला लावले की आणखी कमी वॅट देतात, कारण त्यांची भाषा त्याच कंपनीच्या फोनला कळते. केबलचाही वाटा असतो. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज वाहून नेते. त्यापुढे जायचे तर आत ओळख पटवणारी चिप असलेली केबल लागते. म्हणून तपासणी करताना लॅपटॉपसोबत आलेला अडॅप्टर आणि त्याचीच केबल वापरावी.

पर्यायी अडॅप्टर घ्यायची वेळ आली तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. अडॅप्टर आणि लिथियम बॅटरी या दोन्हींना आपल्याकडे ही नोंदणी सक्तीची आहे. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर क्रमांक टाकला की तो खरा आहे का, हे कळते.

चार्ज होत नाही, की होऊ देत नाही?

‘अडॅप्टर जोडलेला आहे, चार्ज होत नाही’ असा संदेश पाहून अनेक जण धास्तावतात. पुष्कळ वेळा लॅपटॉप मुद्दामच थांबलेला असतो. लिथियम-आयन बॅटरीला शंभर टक्क्यांवर तासन्‌तास राहणे मानवत नाही. भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत ती लवकर म्हातारी होते. म्हणून बहुतेक कंपन्या ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवण्याची सोय देतात. काही लॅपटॉप आपली सवय ओळखून ती स्वतःच चालू करतात. कंपनीच्या अॅपमध्ये किंवा बॅटरीच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा चालू आहे का, ते आधी पाहावे. टेबलावरच काम असेल तर ती चालू ठेवणे हिताचे. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी काढावी.

‘नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्ज करा’ आणि ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका’ हे दोन सल्ले अजून ऐकू येतात. दोन्ही निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातले. लिथियम-आयनला त्यांचा उपयोग नाही. ती रोज शून्यावर नेणे तर हानिकारकच. वीस ते ऐंशीच्या दरम्यान वापर असेल तर तिचे आयुष्य वाढते.

पिशवीत तापलेला लॅपटॉप

झाकण लावून रात्री पिशवीत ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम लागतो आणि बॅटरी रिकामी. नव्या लॅपटॉपबद्दलची ही तक्रार वाढली आहे. हल्लीचे लॅपटॉप फोनसारखी हलकी झोप घेतात. पडदा बंद, पण आत इंटरनेट, ईमेल, अपडेट यांची कामे मधूनमधून चालू. एखादा प्रोग्राम अडून बसला की लॅपटॉप पिशवीत जागाच राहतो. हवा मिळत नाही, तापतो, आणि शेवटी उष्णतेपोटी स्वतःला बंद करतो.

उपाय सोपा आहे. ऑफिसातून निघताना झाकण लावण्यावर भिस्त न ठेवता ‘हायबरनेट’ किंवा ‘शटडाऊन’ करावे. झाकण लावल्यावर हायबरनेटच व्हावे असेही सेटिंगमध्ये ठरवता येते. विंडोजमध्ये आणखी एक खोच आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊन केल्यावरही यंत्रणेचा काही भाग साठवून ठेवला जातो आणि अडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच परत येतो. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन केले किंवा ‘रीस्टार्ट’ निवडले तर पाटी कोरी होते. लहरी बंद पडण्याच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानेही मिटतात.

उकाडा, दमट हवा आणि मांडी

लॅपटॉप साधारण १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत नवी मुंबईतल्या वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीत दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो. त्यात लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की खालच्या जाळ्या बुजतात. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, मग पंखा गरगरतो, आणि तापमान धोक्याच्या रेषेवर गेले की लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. हा बिघाड नाही, बचाव आहे. लाकडी पाट किंवा मोठी पाठ्यपुस्तके खाली ठेवून, कडा मोकळ्या सोडून पाहावे. त्याने बंद पडणे थांबले तर कारण सापडले. सपाट टेबलावर, थंड खोलीत, हलक्या कामातही तो तापून बंद पडत असेल तर मात्र पंखा किंवा आतली जोडणी सदोष असण्याचा संभव आहे.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. वातानुकूलित ऑफिसातून बाहेर पडल्यावर चष्म्यावर वाफ धरते, हा महाप्या-घणसोलीतल्या नोकरदारांचा रोजचा अनुभव. थंड पृष्ठभागावर दमट हवेतले पाणी जमते. तेच पाणी थंड लॅपटॉपवरही जमू शकते. म्हणून घरी पोहोचल्यावर तो पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा आणि मग सुरू करावा.

उष्णतेचा त्रास माणसालाही होतो. तापलेला लॅपटॉप रोज तासन्‌तास उघड्या मांडीवर ठेवल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. भाजण्याइतकी ही उष्णता नसते, त्यामुळे ती जाणवतही नाही. २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती. तो काही महिने रोज मांडीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळत असे. शेकोटीजवळ किंवा शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांना होणारा हाच विकार डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. उष्णता थांबवली की डाग बहुधा फिके होत जातात. न गेल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

पहिल्या आठवड्यातली परीक्षा

आता सगळ्यांत उपयोगाचे काम. लॅपटॉप घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो अपडेट उतरवण्यात, फायलींची यादी करण्यात आणि फोटो जुळवण्यात गुंतलेला असतो. तेव्हा बॅटरी झपाट्याने उतरते, त्यावरून मत बनवू नये. हे उरकल्यावर एका सुटीच्या दिवशी परीक्षा घ्यावी.

चार्जिंगची मर्यादा तात्पुरती काढून बॅटरी शंभर टक्के भरावी आणि तासभर तशीच राहू द्यावी. मग अडॅप्टर काढून, पडद्याचा उजेड मध्यम ठेवून नेहमीचे काम करावे. दर अर्ध्या तासाने टक्के लिहावेत. काम वेळोवेळी साठवत राहावे. लॅपटॉप स्वतःहून बंद होईपर्यंत चालू द्यावा आणि पुन्हा सलग पूर्ण चार्ज करावा. याने दोन गोष्टी साधतात. एक, बॅटरीतल्या चिपचा हिशेब जुळतो. दोन, आकडे एकसारखे उतरतात की मध्येच दरीत कोसळतात, हे हाताशी येते. हे एकदाच करायचे, दर आठवड्याला नाही. दुसऱ्या खेपेलाही लॅपटॉप तीस-चाळीस टक्क्यांवरच बंद पडला तर हिशेबाची सबब संपली. सेल सदोष आहे असे समजून दुकानदाराला कळवावे.

किती तास चालला तर बरे म्हणायचे? बॅटरीवर वॅट-तासांचा आकडा छापलेला असतो. समजा तो ५० आहे. लिहिण्या-वाचण्याच्या कामात लॅपटॉप १० वॅट घेत असेल तर पाच तास मिळतील. व्हिडिओ मीटिंगमध्ये २० वॅट घेत असेल तर अडीच. जाहिरातीतले बारा तास हे मंद उजेडात, हलक्या कामात मोजलेले असतात. तेवढे मिळाले नाहीत म्हणजे बॅटरी बिघडली असे नव्हे.

याहून पक्का पुरावा विंडोज स्वतः देते. सर्च बॉक्समध्ये ‘सीएमडी’ लिहून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ हा सलग शब्द, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे लिहून एंटर दाबावे. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला तेही दिसते. त्यात दोन आकडे शोधावेत. बॅटरीची मूळ आखलेली क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. नव्या लॅपटॉपमध्ये दोन्ही जवळपास सारखे हवेत. थोडाफार फरक चालतो, पण पहिल्याच महिन्यात दुसरा आकडा बराच खाली असेल तर ती नवी बॅटरी म्हणता येणार नाही. किती वेळा पूर्ण चार्ज झाली तो आकडाही अनेक लॅपटॉपवर मिळतो. ‘नवा’ म्हणून घेतलेल्या यंत्रात तो शंभराच्या घरात असेल तर दुकानदाराला प्रश्न विचारायलाच हवा. अॅपलच्या लॅपटॉपवर ही माहिती सेटिंगमधल्या बॅटरी विभागात आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये मिळते.

अचानक बंद पडण्याची नोंदही विंडोज ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून सिस्टिमच्या नोंदी पाहाव्यात. ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असेल तर लॅपटॉप नीट बंद न होता एकदम गेला. ‘१०७४’ असेल तर तो कुणाच्या तरी किंवा एखाद्या प्रोग्रामच्या आज्ञेने रीतसर बंद झाला, बहुधा अपडेटसाठी. पहिली नोंद कारण सांगत नाही, पण घटना खरी होती याची साक्ष देते. तिचा फोटो काढून ठेवावा.

शेवटचा घरगुती उपाय म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस आणि ड्रायव्हर अद्ययावत करणे. टक्क्यांचे आणि चार्जिंगचे अनेक दोष कंपन्या अशा अपडेटमधून दुरुस्त करतात. मात्र बायोस अपडेट चालू असताना वीज किंवा लॅपटॉप बंद होता कामा नये. ते करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी आणि डिस्क कुलूपबंद असेल तर बिटलॉकरची किल्ली हाताशी ठेवावी. अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते.

इथे थांबायचे

वरचे सगळे करून पाहण्यासारखे आहे, पण काही लक्षणे दिसली तर प्रयोग तिथेच थांबवावेत. टचपॅड वर उचललेला वाटतो, झाकण नीट बसत नाही, तळ टेबलावर डगमगतो, कीबोर्ड मधोमध फुगलेला दिसतो. याचा अर्थ बॅटरीत वायू साठून ती फुगते आहे. गोडसर, रसायनासारखा वास, फुसफुस आवाज किंवा एकाच जागी चटका बसेल अशी उष्णता, ही त्याहून गंभीर चिन्हे.

नव्या बॅटरीत असे होत नाही, या भ्रमात राहू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीने लॅपटॉपमधल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्यातले सेल सोनीचे होते. कारखान्यात सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण शिरले होते आणि त्यामुळे आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. दोष वापरणाऱ्याच्या सवयीत नव्हता, जन्मजात होता.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर काढून फरशीवर पडदे-गाद्यांपासून दूर ठेवावा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून कसा आणायचा ते विचारावे. धूर निघू लागला तर लॅपटॉप उचलायला जाऊ नये. तो धूर विषारी असतो. सगळ्यांनी खोलीबाहेर पडावे, दार ओढून घ्यावे, जमल्यास मेन स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. फायली परत मिळवता येतात. म्हणून रात्री उशीजवळ लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपू नये, हा नियम चांगल्या बॅटरीलाही लागू आहे.

दुकानदार, कंपनी आणि कायदा

दोष बॅटरीचाच आहे असे दिसले तर वेळ घालवू नये. पहिले पाहायचे ते बदलून देण्याच्या मुदतीचे दिवस. ऑनलाइन घेतला असेल तर ही मुदत बरीच कमी असते. दुसरे, वॉरंटीच्या कागदावर बॅटरीची वेगळी ओळ आहे का. लॅपटॉपला तीन वर्षांची आणि बॅटरीला एकाच वर्षाची हमी, असे अनेकदा असते. तिसरे, तळाचे स्क्रू स्वतः काढू नयेत आणि गल्लीतल्या कारागिराकडेही उघडू नये. वॉरंटीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, शिवाय आतली बॅटरी मऊ पाकिटासारखी असते, स्क्रूड्रायव्हर घुसला तर आग लागते.

सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना बिल, आठवड्याभराची नोंद, बॅटरीचा अहवाल आणि जमल्यास बंद पडतानाचा व्हिडिओ न्यावा. लॅपटॉप देताना फायलींची प्रत काढून घ्यावी. जॉबशीटवर ‘लॅपटॉप चालत नाही’ असे मोघम लिहू देऊ नये. ‘बॅटरीवर ४० टक्क्यांवर अचानक बंद होतो, अमुक दिवसांत अमुक वेळा’ असे लिहून घ्यावे. तंत्रज्ञाने अडॅप्टर लावून तपासले तर सगळे सुरळीत दिसते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून लॅपटॉप परत येतो. तपासणी बॅटरीवर व्हावी, हा आग्रह धरावा.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. त्याप्रमाणे आयोग बदलतो.

आणि बदलून मिळाल्यावर जुनी बॅटरी स्वतःकडे राहिलीच, तर ती ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली गेली की ती पेटू शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये ती जमा करावी.

नवा लॅपटॉप घेताना आपण प्रोसेसर, मेमरी, पडदा सगळे पारखून घेतो. बॅटरीची परीक्षा मात्र महावितरणवर सोपवतो. ती आपणच, पहिल्या आठवड्यात, अडॅप्टर काढून घ्यावी. एका दुपारचे काम आहे.